दुसरी सही

आमच्या शाळेचं पगार बिल मी करतो. लिपिक म्हणून लागलो तेव्हा हाताने रकाने आखायचो, आता शालार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, भरतो. कुणाची एलआयसी किती, कुणाची सोसायटी किती, कुणाच्या घरात काय चाललंय, हे कपातीच्या रकान्यावरून मला सगळ्यांच्या आधी कळतं. ऑगस्ट २०२२ च्या बिलात माझ्याच नावापुढे ९,००० रुपयांची नवी कपात आली. ती मीच टाईप केली. मुख्याध्यापकांनी बँकेचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता खिडकीतून मैदानाकडे बघत उभे राहिले. त्या पत्रावर आवक नंबरही मलाच टाकायचा होता.

कर्ज माझं नव्हतं. मी जामीनदार होतो.

ज्याचं कर्ज, त्याचं नाव लिहीत नाही. त्याला लेफ्ट आऊट म्हणतो, कारण शाळेत असल्यापासून आम्ही कोल्हापुरात एकाच तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलो. तो लेफ्ट आऊट, मी बॅक. शाहू स्टेडियमवर त्याने मारलेला एक गोल पेठेतले म्हातारे अजून सांगतात. पुढे मी शाळेत चिकटलो आणि तो उद्यमनगरात लेथवर गेला. कामात हुशार. कास्टिंगवरून नुसतं बोट फिरवून कट कुठे जास्त लागलाय ते सांगायचा. वीस वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काढल्यावर त्याला स्वतःचा लेथ हवासा वाटला, यात त्याचं काय चुकलं?

फेब्रुवारी २०१७. एका सहकारी बँकेतून ३ लाखांचं कर्ज, जुना लेथ घ्यायला. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतलं कास्टिंग आणायचं, टर्निंग करून परत द्यायचं. व्याज १४ टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता ७,००० च्या आसपास. जामीनदार दोन लागणार होते. एक त्याचा मेहुणा, कागल तालुक्यातला, सातबारावाला. दुसरा पगारदार हवा होता.

"भावा, तुझी एक सही पाहिजे. बाकी काय न्हाई."

एक सही म्हणजे काय काय, ते बँकेत गेल्यावर कळलं. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पॅन, आधार, लाईट बिल, दोन फोटो. जामीनदार बँकेचा सभासद लागतो म्हणून नाममात्र सभासदत्वाचा अर्ज. शाळेकडून पगार कपातीचं हमीपत्र, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. ते हमीपत्र मीच टाईप केलं आणि इतर कागदांच्या मध्ये घालून सहीला ठेवलं. माझ्या खात्याचे दोन चेक, सही करून, बाकी कोरे. आणि मग फॉर्म. क्लार्कने पेन्सिलीने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. फुली दिसली की सही करायची, पान उलटायचं. जामीनदाराच्या करारात 'संयुक्तिकरीत्या व वैयक्तिकरीत्या जबाबदार' असे शब्द होते. मी ते वाचले, नाही असं नाही. पण लग्नात मंगलाष्टकं ऐकतो तसे वाचले.

दहा मिनिटांत झालं. बाहेर येऊन बिंदू चौकात चहा घेतला, पैसे त्याने दिले. घरी सांगितलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "हप्ता थकला तर कोण भरणार, ते विचारलासा काय?" मी म्हटलं, तो थकवणार नाही.

आणि त्याने थकवलाही नाही, जवळजवळ दोन वर्षं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर ज्याला त्याला वाटलं की माणूस पहिल्यापासूनच बुडवा. तसा नव्हता. २०१९ च्या सुरुवातीला गाड्यांचा धंदा थंडावला, फौंड्र्यांनी पाळ्या कमी केल्या आणि जॉबवर्कवाल्यांची बिलं तीन-तीन महिने लांबायला लागली. दोन हप्ते राहिले. तिसरा राहिला असता तर खातं नव्वद दिवसांच्या पलीकडे जाऊन एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत खात्यांत, गेलं असतं, तेही ३१ मार्चच्या तोंडावर. कुठल्याच शाखाधिकाऱ्याला ते नको असतं. मग बँकेने त्याला सुचवलं, नवं-जुनं करून घ्या.

नवं-जुनं म्हणजे काय, हे आपल्याकडे सोसायटीच्या पीककर्जामुळे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडायचं. कागदावर वसुली झालेली दिसते, प्रत्यक्षात तेच भिजत घोंगडं दुसऱ्या दोरीवर. त्याची बाकी सव्वादोन लाखांच्या घरात होती. नवं कर्ज साडेतीन लाखांचं मंजूर झालं. त्यातून जुनं खातं बंद, आणि शेअर्स वगैरे कापून उरलेले लाखभर त्याच्या हातात.

२८ मार्चला बँकेचा शिपाई फॉर्म घेऊन शाळेत आला. मधली सुट्टी होती. पोरं डबे घेऊन व्हरांड्यात बसलेली, माझ्यासमोर मार्चअखेरची बिलं पसरलेली. लेफ्ट आऊटचा आदल्या रात्री फोन येऊन गेला होता, "तेच कर्ज हाय, फकस्त कागद नवा करायचाय." मी शिपायाला बसायलाही सांगितलं नाही. उभ्याउभ्या फुल्यांवर सह्या केल्या. त्या दिवशी मी कराराची पानं उलटलीही नाहीत. त्यानेच उलटली, मी फक्त पेन फिरवलं.

पहिल्या सहीबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. ती मी ओळखीच्या माणसाच्या हातावर केली होती. दुसरी केली ती कटकट मिटावी म्हणून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०१९ चा पूर. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि जवळजवळ आठवडाभर वाहतूक बंद. त्याच्या शेडमध्ये पाणी गेलं नाही, पण काम यायचं बंद झालं. कसेबसे हप्ते चालले. मग मार्च २०२० चा लॉकडाऊन. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सवलत दिली, ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. ती सवलत म्हणजे हप्ता लांबवणं, व्याज चालूच. त्याने ती माफी समजली. सप्टेंबरपासून हप्ता सुरू झालाच नाही. मला हे काही ठाऊक नव्हतं. मी मंगळवार पेठेतून कळंब्याकडे राहायला गेलो होतो, बँकेत पत्ता बदलला नव्हता. नोटिसा जुन्या घरी गेल्या आणि चुलत्याच्या कपाटावर वर्तमानपत्रांखाली पडून राहिल्या. नंतर सापडल्या, दोन्ही न फोडलेल्या.

मला कळलं ते डिसेंबर २०२१ मध्ये, दुसऱ्याच बँकेत. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. अधिकारी बाईंनी माझा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा रिपोर्ट, काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"काका, हे एक खातं थकीत दिसतंय."

"मी कुठलं कर्जच काढलेलं नाही."

"गॅरंटर म्हणून आहे बघा. कर्जदाराइतकंच दिसतं ते."

सव्वा वर्षाची थकबाकी महिन्या-महिन्याने माझ्या नावावर लागलेली होती. ज्याचा एक रुपया मी वापरला नाही त्याचा इतिहास माझ्या पॅन नंबरला चिकटला होता. असा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, घरबसल्या काढता येतो. मी कधी काढला नव्हता. पगारदार माणसाला वाटतं, आपल्याला काय करायचाय सिबिल. मुलीचं कर्ज झालं नाही. पीएफमधून उचल घेतली आणि एक ठेव मोडली. मुलगी काही बोलली नाही. बायको बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याच संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. शेडला कुलूप. तो घरी भेटला, गादीवर भिंतीला टेकून बसलेला. लेथ विकला होता, वर्ष झालं होतं. मी ओरडलो नाही. "आधी सांगायचं तरी," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "तुला तोंड कसं दावायचं म्हणून न्हाई सांगितलं." त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा कप बशीत वाजत होता.

तोवर बँकेने सहकार खात्याकडे अर्ज केला होता. सहकार कायद्याचं कलम १०१. यात साधा दिवाणी दावा लागत नाही, निबंधक कार्यालयातून थेट वसुली दाखला मिळतो. फेब्रुवारीत सुनावणी होती. मी रजा टाकून गेलो. लाकडी बाकांवर तीस-चाळीस माणसं, त्यातली निम्मी माझ्यासारखी, दुसऱ्याच्या कर्जासाठी आलेली. ते तोंडावरूनच कळतं. खरा कर्जदार फोनवर असतो, जामीनदार हातात पिशवी घेऊन दाराकडे बघत असतो. माझी पाळी आली तेव्हा मी एकच वाक्य पाठ करून गेलो होतो : साहेब, आधी त्याच्याकडून वसूल करा, नाहीच झालं तर माझ्याकडे या.

बँकेच्या वकिलांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. माझा एक विद्यार्थी, म्हणजे आमच्या शाळेचा, वकील आहे. त्याने नंतर समजावलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ : करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, ना कमी ना नंतर. आधी कर्जदाराला गाठा मग जामीनदाराला, असा क्रम बँकेवर बांधता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच हे स्पष्ट केलंय. दोघांपैकी ज्याच्याकडून पैसा लवकर निघेल त्याच्याकडे बँक जाणार.

आणि लवकर कुणाकडून निघतो? मेहुण्याच्या जमिनीवर जायचं तर जप्ती, मूल्यांकन, लिलाव, सातबारावर भावांची नावं, हरकती. त्यात सालं जातात. माझ्याकडे यायला एक पत्र पुरतं. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे, ज्याने पगार कपातीचं लिहून दिलंय त्याच्या मालकाने संस्थेचं पत्र आल्यावर कापून द्यायचं असतं. कापलं नाही तर मालक स्वतः अडकतो. म्हणून तर आमचे मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते. मेहुण्याची तीन एकर जमीन माझ्या एका स्लिपेपुढे बँकेला नको होती. पगारदार जामीनदार हवा असतो तो इज्जतीसाठी नव्हे, एवढं मला वयाच्या पन्नाशीत समजलं.

वकिलाला मी फाईल दाखवली. त्याने दोन्ही कर्जांचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, हे बघा." पहिल्या कर्जाला लेथ नजरगहाण होता, म्हणजे मशीन त्याच्या ताब्यात पण बँकेला तारण. दुसरं जामीनकी कर्ज होतं. त्यात लेथचा उल्लेख नव्हता, तारण म्हणून फक्त दोन माणसं. नवं-जुनं करताना मशीन सुटलं आणि आम्ही दोघं राहिलो. माणसाने स्वतःचा लेथ विकला त्यात बँकेचा कसलाच हक्क उरला नव्हता. पहिलं कर्ज चालू असतं आणि बँकेने ते तारण हातचं जाऊ दिलं असतं, तर कलम १४१ खाली लेथच्या किमतीपुरता मी सुटलो असतो. मला न विचारता अटी बदलल्या असत्या, तर कलम १३३ होतं, त्या बदलानंतरच्या देण्यातून सुटका. पण मला विचारलं होतं. मधल्या सुट्टीत विचारलं होतं.

त्याने खात्याच्या उताऱ्यावर बोट ठेवलं. २८ मार्च २०१९, जुनं खातं, बाकी निरंक. त्याच तारखेला पुढच्या उताऱ्यात नवीन खातं, नावे ३,५०,०००. "इथं तुम्ही मोकळे झाला होता," तो म्हणाला. दोन नोंदींच्या मध्ये जेवढी जागा, तेवढा वेळ.

वसुली दाखला ४ लाख १२ हजारांचा निघाला. फेरतपासणीला जायचं तर कलम १५४ प्रमाणे येणे रकमेच्या निम्मे आधी भरायचे, मग अर्ज ऐकणार. निम्मे असते तर मी वकिलाकडे कशाला गेलो असतो? मग वसुली अधिकाऱ्याची मागणी नोटीस आली, रजिस्टर, शाळेच्या पत्त्यावर. त्या कोऱ्या दोन चेकची भीती वेगळीच. चेक वटला नाही तर फौजदारी होते, आणि तो जामीनदाराने दिलेला असला तरी होते. रात्री दोन वाजता जाग यायची आणि मी खात्यात किती शिल्लक आहे ते मोबाईलवर बघायचो.

लेफ्ट आऊटने ६० हजार आणून दिले. त्याच्या बायकोच्या पाटल्या गुजरीत मोडल्या होत्या. ते मला दुसऱ्याकडून कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. सहजामीनदारांनी बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो, तेही कायद्यात आहे, म्हणून मेहुण्याकडे तीनदा गेलो. दर वेळी उसाचं बिल यायचं होतं. एकदा आलं, त्याने ५० हजार भरले, आणि पुढच्या वेळी घरात नसल्याचं बायकोकडून सांगितलं. बाकी माझ्या पगारातून. मार्च २०२४ मध्ये बँकेने एकरकमी परतफेडीत तडजोड केली. २ लाख १४ हजार निघत होते, १ लाख ७० हजारांत मिटवलं. तोवर एकोणीस महिन्यांची कपात १ लाख ७१ हजार झाली होती. बेबाकी दाखला घेतला, दोन्ही चेक मागून घेतले आणि शाखेच्या पायरीवरच फाडले. सिबिलवर मात्र ते खातं बंद असं न दिसता 'सेटल्ड' दिसतं, म्हणजे पूर्ण न भरता मिटवलेलं. बँकेत गेलो की अजून त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

जे भरलं ते कर्जदाराकडून मागायचा हक्क जामीनदाराला आहे, कलम १४५. मुदत तीन वर्षं, पैसे भरल्या दिवसापासून. वकील म्हणतो, प्रत्येक कपातीची तीन वर्षं वेगळी मोजायची. म्हणजे ऑगस्ट २०२२ च्या नऊ हजारांचा हक्क ऑगस्ट २०२५ मध्ये गेला, सप्टेंबरचा सप्टेंबरमध्ये. दर महिन्याला नऊ हजार निसटतायत आणि मी बघतोय. बायको म्हणते दावा लावा. लावेन असं वाटतं आणि लावत नाही. तो आता दुसऱ्याच्या शेडमध्ये परत लेथवर उभा राहतो. परवा मॅचला दिसला, समोरच्या गॅलरीत. आमच्या संघाने गोल केला तेव्हा दोघेही उठलो, एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही पटकन दुसरीकडे बघितलं.

एक सांगायचं राहिलं. ते १ लाख ७० हजार मी आमच्या नोकरांच्या पतसंस्थेतून काढले. आणि त्या कर्जाला दोन जामीनदार लागत होते.

फॉर्म घेऊन आठवडाभर फिरलो. ज्यांची पगार बिलं मी वर्षानुवर्षं करतोय त्यांच्यापुढे तोंड उघडेना. शिपाई मामांनी न बघता सही दिली, मी अंगठ्याने जागा दाखवली तिथे. मला त्यांना थांबवावंसं वाटलं. थांबवलं नाही. दुसऱ्या सहीसाठी मराठीच्या बाईंकडे गेलो.

"भाऊसाहेब, ठेवा इथं. घरी नेऊन वाचते."

तीन दिवसांनी त्या माझ्या टेबलाशी आल्या, हातात एक चिठ्ठी. कर्ज नेमकं कशासाठी? पगारातून आधीची कपात किती, ती थांबल्याचं पत्र आलंय का? तुम्हाला काही झालं तर विमा आहे का, त्याचे पैसे आधी कुणाला? नवीन कर्ज काढलंत तर मला कळवणार का? घरी माहीत आहे का? मी एकेक उत्तर दिलं. दोन उत्तरांना कागद दाखवावा लागला, तो त्यांनी चष्मा लावून वाचला. मग खुर्ची ओढून बसल्या, प्रत्येक पान पुन्हा एकदा वरून खाली वाचलं, सही केली आणि खाली तारीख घातली. जिथे रकमेची जागा कोरी होती तिथे आधी मला आकडा भरायला लावला.

सगळ्या पानांची एक झेरॉक्स त्यांनी स्वतःसाठी काढून घेतली. झेरॉक्सचे चौदा रुपये माझ्याकडून घेतले.